आहेरात आलेलं शेवाळ

सरांच्या शोकसभेत चार जण बोलले, आणि चौघांनी मिळून सरांना चार वेगवेगळ्या विषयांचे तज्ज्ञ करून टाकलं. प्राचार्य म्हणाले, बुरशीशास्त्रातला तारा निखळला. उपप्राचार्यांनी त्यांना मशरूम शेतीचं श्रेय दिलं. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब उठले आणि सरांनी औषधी वनस्पतींसाठी कसा देह झिजवला ते सांगून डोळे पुसून बसले. शेवटी गणिताचे सर म्हणाले, "ते नेमकं काय करायचे ते मला कधी कळलं नाही, पण माणूस सज्जन होता." त्या दीड तासातलं हेच काय ते खरं वाक्य.

मी दुसऱ्या रांगेत बसून दात आवळत होते. सरांच्या हाताखाली मी पाच वर्षं संशोधन केलं, त्यामुळे मला बोलायला बोलावलं नव्हतं. विद्यार्थ्याला काय माहीत असणार?

तर सर सायनोबॅक्टेरियावाले. ओल्या भिंतीवर, खडकावर, जंगलात झाडाच्या सालीवर जो निळसर हिरवा थर दिसतो, आणि दिसला की तुम्ही-आम्ही ब्रश घेऊन धावतो, तो थर म्हणजे सरांचं आयुष्य. त्याला शेवाळ म्हटलं की सर चिडायचे. "शेवाळ म्हणू नका, जिवाणू आहेत ते. तुम्ही जो श्वास घेताय ना, तो पहिल्यांदा यांनी तयार केला. शेवाळं नंतर आली, झाडं त्याच्याही नंतर, आणि तुम्ही तर परवा आलात." हे त्यांनी एकदा पाणीपट्टी मागायला आलेल्या माणसाला ऐकवलं. तो बिचारा पुन्हा आलाच नाही, नोटीस मात्र आली.

जळगावच्या आमच्या कॉलेजात सरांची ओळख 'भिंती खरवडणारे' अशी होती. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, खिशात अर्धं पातं, आणि चालताना नजर कायम जमिनीपासून दोन फुटांवर. सर माणसाला चेहऱ्यावरून ओळखतच नसत. एकदा बसस्टँडवर ते मुतारीच्या मागच्या भिंतीशी भिंग लावून उकिडवे बसलेले, आणि भोवती पंधरा-वीस माणसं जमलेली. कुणी म्हणे याचं काही हरवलंय, कुणी म्हणे डोक्यावर परिणाम शे. मी तिथूनच जात होते. शिष्या म्हणून पुढं व्हायला हवं होतं. मी पदर डोक्यावर घेतला आणि सरळ रस्ता ओलांडला. आता सांगायला काय लाज!

माणसांचंही ते वर्गीकरण करायचे. एकेकटे राहणारे, चिकट द्रवात गोळा होऊन राहणारे, आणि धाग्यात ओळीनं राहणारे. स्टाफरूममध्ये प्राचार्यांभोवती जो घोळका असायचा तो अर्थातच चिकट द्रवातला. काही सायनोबॅक्टेरियांच्या धाग्याला खोटी फांदी फुटते. म्हणजे धागा मध्येच तुटतो, तुटलेलं टोक बाजूनं बाहेर येतं, आणि बघणाऱ्याला वाटतं काय छान फांदी फुटली. आमच्या उपप्राचार्यांना तीन विषयांतल्या तीन पदव्या होत्या. सर त्यांच्याकडे बघून हळूच म्हणायचे, "खोट्या फांद्या, ताई. मूळ धागा कधीच तुटलाय."

मला ते ताई म्हणायचे. मी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, पण ताई. गाव त्यांचं पारोळा. एरवी अगदी पुस्तकी बोलायचे, पण फार आनंद झाला किंवा फार वाईट वाटलं की अहिराणीवर यायचे. पाच वर्षांत असं मी दोनदाच ऐकलं.

आणि त्यांचं ते एक वाक्य: "अजून एकदा बघू." या वाक्यानं माझी पाच वर्षं खाल्ली. मी स्लाइड करून नेली की सर पाऊण तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे. मी उभी. मग मान वर करून, जणू मला पहिल्यांदाच बघताहेत अशा चेहऱ्यानं, म्हणायचे, "छान. अजून एकदा बघू." घाई केली की ऐकवायचे, "ते कोट्यवधी वर्षं थांबलेत, तुम्हाला मंगळवारपर्यंत थांबवत नाही?" माझ्या वडिलांना जामनेरमध्ये लोक विचारायचे, मुलगी अजून शिकतेच आहे का हो? त्यांना काय सांगायचं, सायनोबॅक्टेरिया थांबलेत म्हणून?

पण सापडलं मात्र सरांनाच. सातपुड्यात, पालच्या जंगलात, एका म्हाताऱ्या अंजनाच्या झाडाच्या सालीवर. तपकिरी म्यानातला धागा, त्याला खोट्या फांद्या, आणि पेशींचा आकार असा, की कुठल्याच पुस्तकातल्या वर्णनात तो बसेना. सरांनी दीड वर्ष तो बसवायचा प्रयत्न केला. नवीन जात सापडली म्हणून लोक पेढे वाटतात. सर मात्र ती जुनीच निघावी म्हणून धडपडत होते. "जी जुनी असूच शकत नाही तीच नवी," म्हणायचे. दीड वर्षांनी त्यांनी हात टेकले आणि जात नवी आहे हे कबूल केलं. चेहरा असा, की उधारीच मान्य करताहेत.

बातमी अध्यक्षांपर्यंत गेली. आबासाहेब गाडी घेऊन, मागे फोटोवाला घेऊन हजर. "सर, नव्या वनस्पतीला आमच्या वडलांचं नाव द्या. त्यांचं जन्मशताब्दी वर्ष आहे, मोठा कार्यक्रम करू."

"देऊ की," सर म्हणाले. "पण आधी बघून घ्या." त्यांनी काचेची बाटली पुढे केली. आत पाण्यात तपकिरी हिरवा गिचका. आबासाहेबांनी झाकण काढून वास घेतला आणि बाटली लांब धरली.

"हे? हे तर आमच्या टाकीत आहे!"

"ते वेगळं. हे जगात आणखी कुठं आहे की नाही ते माहीत नाही."

"नाही, पण वडलांच्या मानानं जरा... एखादं मोठं काही नाही का? झाड वगैरे?"

"झाडं मोजून झाली, आबा. आता फक्त घाण उरलीये."

फोटोवाल्यानं फोटो काढला नाही. सरांना पुढची दोन वर्षं प्रयोगशाळेचा पंखा दुरुस्त करून मिळाला नाही.

आता माझ्या लग्नाकडे वळते, कारण सगळा घोटाळा तिथंच झाला. सर वाळवलेले नमुने आहेराच्या पाकिटात ठेवायचे. हो, तीच, वर गणपती आणि 'शुभ विवाह' छापलेली, कोपऱ्यात रुपयाचं नाणं चिकटवलेली. कुठल्याशा दुकानात त्यांना अशा पाकिटांचा अख्खा गठ्ठा मिळाला होता. माप बरोबर, कागद जाड, म्हणून शास्त्राला उत्तम. त्यांच्या कपाटात अशी शेकडो पाकिटं, प्रत्येकावर पेन्सिलीनं क्रमांक. नवखा माणूस कपाट उघडून बघायचा तर त्याला वाटायचं, सर जिल्ह्यातल्या सगळ्या लग्नांना जातात आणि आहेर देत नाहीत.

लग्न फैजपूरला, माझ्या सासरी. केळीवाली मंडळी, हजार पान. मंडपाच्या तोंडाशी माझे मामेसासरे वही घेऊन आहेर लिहायला बसलेले. सर आले, पाकीट दिलं, जेवले, आणि परस्पर पालच्या जंगलाकडे निघून गेले. थोड्या वेळानं मामेसासऱ्यांनी पाकीट उघडलं. आतून झाडाच्या वाळक्या सालीचा तुकडा आणि काळपट भुगा पडला. मामेसासऱ्यांनी तो उलटसुलट बघितला, घसा साफ केला आणि भर मंडपात मोठ्यानं वाचून वहीत लिहिलं, "कॉलेजचे सर. साल, एक."

हशा! नवरीच्या साडीत मी लाल, निळी, काय काय होत होते. वर्षभर सासरी मला कुणी 'सालवाल्या सरांची' म्हटलं की अंगाची लाही व्हायची. पण सरांना मी एका शब्दानं विचारलं नाही. मला वाटलं, हा त्यांचा आशीर्वादच असणार, ज्ञानाचा वगैरे. आणि विचारणार तरी काय? सर, तुम्ही आहेरात कचरा का दिला?

त्यानंतर तीन वर्षं गेली. सरांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. नव्या जातीवरचा आमचा निबंध परदेशातल्या नियतकालिकानं जवळजवळ स्वीकारला होता, एका अटीवर: जिवंत नमुना जतन केंद्रात जमा करा, म्हणजे इतरांनाही तपासता येईल. त्या निबंधावर माझा प्रबंध, प्रबंधावर पदवी, आणि पदवीवर धुळ्याची नोकरी. सर निवृत्त झाले की नवा मार्गदर्शक, नवा विषय आणि मी पुन्हा पहिल्या इयत्तेत. थोडक्यात, प्रयोगशाळेत ज्या चार बाटल्यांत आम्ही तो धागा वाढवत होतो, त्यांत माझं सगळं होतं. आणि सरांचंही. आयुष्यभर भिंती खरवडून हातात आलेली ती एकच गोष्ट.

आणि नेमकी तेव्हाच मूल्यांकन समिती येणार होती. ज्यांनी कॉलेजात नोकरी केली आहे त्यांना मी सांगायला नको. वर्षभर न उघडलेल्या खिडक्या उघडल्या, ग्रंथालयातली पुस्तकं पुसली, कुंड्या भाड्यानं आल्या. प्राचार्यांचं फर्मान निघालं की प्रयोगशाळा आरशासारखी लखलखली पाहिजे. सर परीक्षक म्हणून दोन दिवस धुळ्याला गेलेले. मला रांगोळी समितीवर घेतलं होतं, कारण मी बाई. मी खाली दारात बसून पाच तास डीएनएची रांगोळी काढत होते, शास्त्रीय कॉलेज वाटावं म्हणून. आणि वर आमचे भिकनभाऊ, प्रयोगशाळेचे शिपाई, देवमाणूस, ब्लीचिंग पावडर घेऊन कामाला लागले होते.

मी वर गेले तेव्हा चारही बाटल्या उपड्या ठेवलेल्या. काच अशी चकाकत होती की तीत माझा चेहरा दिसला.

"लय चिकटेल होतं मॅडम," भिकनभाऊ घाम पुसत म्हणाले. "पन एक डाग ठेवला नाही."

मी तिथंच खाली बसले. रडले म्हणण्यापेक्षा ओरडले. भिकनभाऊंना नाही, स्वतःला, रांगोळीला, प्राचार्यांच्या सात पिढ्यांना. समितीनं अहवालात 'प्रयोगशाळेची स्वच्छता उल्लेखनीय' असं लिहिलं. ते वाक्य प्राचार्यांनी फ्रेम करून लावलं आहे. अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सर आले. बाटल्यांकडे बघितलं. मग भिकनभाऊंकडे. "धुतलेलं पाणी कुठं ओतलंत, भाऊ?" भिकनभाऊंनी मोरी दाखवली. सर मोरीपाशी उकिडवे बसले, भिंग लावलं, पात्यानं खरवडलं, सूक्ष्मदर्शकाखाली घातलं. बराच वेळ बघितलं. या वेळी 'अजून एकदा बघू' म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, "बठ्ठं गयं, ताई." सगळं गेलं. त्यांच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदा ऐकली ती अशी.

भिकनभाऊ कोपऱ्यात उभे राहून हुंदके द्यायला लागले, तर सर उठून त्यांच्याजवळ गेले. "तुमचं काय चुकलं? तुम्हाला धुवा सांगितलं, तुम्ही धुतलं. आम्ही चार वर्षांत तुम्हाला एकदाही सांगितलं नाही हे काय आहे ते." मला हे फार लागलं, कारण खरं होतं. मग ते एकदम ताठ झाले. "अहो, पण वाळवलेलं पाकीट आहे की! वाळले म्हणून ते मरत नाहीत. वर्षानुवर्षं झोपून राहतात. पाणी दिलं की उठतात."

कपाट उघडलं. चारशे सोळा, मग ज्याच्यावर क्रमांकच नाही असं एक, मग चारशे अठरा. सरांनी ते मधलं उघडलं. आतून पाचशेची नोट आणि चिठ्ठी निघाली: 'चि. सौ. कां. ताईस अनेक आशीर्वाद.'

सरांनी नोट उलटून बघितली, चिठ्ठी पुन्हा वाचली. सगळा उलगडा झाला. लग्नाहून सर परस्पर पालला जाणार होते, झाडाशी नमुना ताडून बघायला. म्हणून दोन्ही पाकिटं एकाच खिशात. जंगलात पोचल्यावर पाकीट उघडायची गरजच पडली नाही, कारण तो अंजन त्या वर्षीच्या वादळात पडलेला होता, साल वाळवीनं खाल्लेली. आजूबाजूचे सगळे अंजन सरांनी तपासले, हे कुठंच नव्हतं. परत येऊन पाकीट जागेवर ठेवून दिलं.

आता कुणीही माणूस अशा वेळी काय म्हणेल? सर म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं मी तुम्हाला आहेरच दिला नाही?" आणि ती नोट दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी घेतली. काय करणार? मग मला हसू आलं, आणि हसता हसता लक्षात आलं. चारशे सतरा फैजपूरला गेलं होतं. आणि आमच्या सासूबाईंच्या घरात सुतळीचा तुकडासुद्धा जागेवरून हलला की चौकशी होते, पण कचरा मात्र दिसता क्षणी बाहेर.

त्याच दुपारी बसनं दोघं फैजपूरला. सर वाटभर भिंग मुठीत धरून बसले होते. घरात शिरता शिरता मी विचारलं, "आई, लग्नात ते सालीचं पाकीट आलं होतं, त्याचं काय केलं?"

"तो कचरा?" सासूबाई म्हणाल्या. मग मागे सरांना बघून त्यांनी जीभ चावली आणि पदर सावरला. "म्हंजे तो आहेर. पाकीट बाई मी लगेच दुसऱ्या लग्नात देल्लं, चांगलं होतं."

"आणि आतलं?"

"आहेर उकिरड्यावर फेकता येतो का कुठी? माह्या मनाले लागलं. म्हनून तुयशीत टाकलं."

सर पायातल्या चपला न काढता मागच्या अंगणात धावले. मातीची मोठी कुंडी, तीत तुळस. कुंडीच्या सावलीकडच्या अंगावर, पाणी झिरपतं तिथं, तपकिरी हिरवा मखमली थर. सर गुडघ्यांवर बसले.

"ते होय? त्याच्याकळे नका पाहू, सर," सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नारयाच्या शेंडीनं दर सोमवारी घासते मी. घासू घासू हात गेले माह्ये. पन मेलं जातच नाही! आधी आमच्याकळे असं कधी नव्हतं."

सरांनी पातं लावलं. स्लाइड, काच, खिशातला छोटा सूक्ष्मदर्शक, उन्हाकडे तोंड. मी शेजारी उभी. नवऱ्यानं आणलेला चहा गार झाला. सरांनी मान वर केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "जित्तं शे, ताई," ते म्हणाले. "जित्तं शे!"

आणि मग अर्थातच, "अजून एकदा बघू."

खरोखरच बघितलं. तीन महिने. कुंडीतल्या बाकीच्या गर्दीतून तो धागा वेगळा केला, बाटलीत वाढवला, पुण्याला पाठवून त्याचा डीएनए आधीच्या नोंदीशी ताडून घेतला. तोच होता. मी म्हटलं, सर, आता निबंधात साधं लिहू, अंजनाच्या सालीवरून मिळाला. सरांनी लिहिलं: वाळवलेला नमुना चुकीनं विवाहभेट म्हणून दिला गेला, घरच्या मंडळींनी तो तुळशीच्या कुंडीत टाकला, तिथून जिवंत परत मिळाला. मी हातापाया पडले. "सर, जग हसेल! माझी पदवी हसण्यावारी जाईल!"

"हसू द्या. हसून झालं की तपासतील. खोटं लिहिलं तर कुणी हसणार नाही, आणि तपासणारही नाही."

जग हसलं की नाही माहीत नाही. परीक्षकानं एकच प्रश्न विचारला, कुंडीला पाणी रोज दिलं जात होतं का? सरांनी कळवलं, रोज सकाळी, आंघोळीनंतर, न चुकता. त्यावर निबंध स्वीकारला गेला. निवृत्तीच्या आदल्या दिवशी सरांनी माझ्या प्रबंधावर सही केली.

नाव द्यायचं राहिलं होतं. आबासाहेबांकडून पुन्हा निरोप आला, आता बाटलीसुद्धा चालेल म्हणून. सर मात्र फैजपूरला आले आणि ओटीवर बसून सासूबाईंना विचारते झाले, "आई, तुमचं नाव काय?"

सासूबाई दाराआड झाल्या. "मले कायले इचारता? मालकाचं लिवा ना."

"तुम्ही घासून घासून मारलं तरी ते तुमच्याच घरी जगलं. तुमचंच सांगा."

दाराआडून हळूच आवाज आला, "कौसल्या." तीन वर्षांत त्यांच्या तोंडून त्यांचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. शास्त्राच्या यादीत ते आता लॅटिन शेपटी लावून कायमचं बसलं आहे. मी छापलेलं पान आणून दाखवलं, तो सोमवार होता. सासूबाई हातात नारळाची शेंडी घेऊन कुंडीपुढे उभ्या. मग त्यांनी शेंडी खाली ठेवली. "आता कशी घासू? माह्यंच नाव हाये ना त्याले."

सर मुलाकडे धुळ्याला राहायला गेले. मला तिथंच नोकरी लागली, म्हणून अधूनमधून भेट व्हायची. शेवटच्या आजारात दवाखान्याच्या भिंतीला ओल होती आणि सरांची खाट नेमकी तिच्याकडे तोंड करून होती, एवढं एक बरं झालं. मला त्यांची फार आठवण येते. वर्गात मुलांना स्लाइड दाखवताना माझ्या तोंडून 'अजून एकदा बघू' निघतं.

शोकसभेहून मी फैजपूरला गेले. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हने लोकं?"

"म्हणाले, बुरशीचे मोठे शास्त्रज्ञ होते."

"बुरशी?" सासूबाई ताडकन उठल्या. "आन तू मुकाट आयकून आली? मी शेवाय म्हटलं तं मलेसुद्धा रागावले होते ते. जिवानू हायेत ते, जिवानू! एवढं शिकून एवढं सांगता नाही आलं तुले?"

आणि तरातरा मागच्या अंगणात जाऊन त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. तुळशीला नाही, कुंडीच्या अंगावर.